तिसऱ्या स्लाइडचा नियम

झालं ते एवढंच: माझ्या दहा मिनिटांच्या टॉकमधून एक गृहस्थ चौथ्या मिनिटाला उठून गेले. माणसं उठून जातात, त्यात काय एवढं. पण त्या खोलीत माणसं होती पाच. एक मी. एक सेशनचे अध्यक्ष, त्यांना उठता येत नाही. एक माझ्यानंतर बोलणारा मुलगा, तो मान खाली घालून स्वतःच्या स्लाइड्स दुरुस्त करत होता. एक बाई, बहुधा खोली चुकलेल्या आणि भिडेखातर बसून राहिलेल्या. म्हणजे खराखुरा श्रोता एकच. तो गेला. आणि तो मराठी होता, हे जास्त झोंबलं.

ही गोष्ट सिअ‍ॅटलची, जानेवारी 2025 मधली. जॉइंट मॅथेमॅटिक्स मीटिंग्ज म्हणजे अमेरिकेतल्या गणितवाल्यांची वार्षिक जत्रा. चार दिवस, हजारो माणसं आणि एकाच वेळी कितीतरी खोल्यांत चाललेली व्याख्यानं. मी ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात शिकवते. वर्षभर मुलांना ‘इंटिग्रलनंतरचा प्लस सी कुठे गेला?’ एवढं एकच विचारते. त्यामुळे हे चार दिवस माझी दिवाळी. आदल्या रात्री हॉटेलात बसून मी यादी केली, तर गुरुवारी सकाळी दहाला माझ्या सहा टॉक्सवर खुणा! सहा लग्नांचा मुहूर्त एकच आणि सहाही ठिकाणी आहेर द्यायचाय, अशी अवस्था.

बरं, निवडायचं कशावरून? शीर्षकावरून? गणितातली शीर्षकं माहिती लपवण्यासाठीच असतात, असं माझं मत होत चाललंय. 1993 च्या जूनमध्ये अँड्र्यू वाइल्स या गणितज्ञाने केंब्रिजमध्ये तीन व्याख्यानं दिली. नाव काय, तर ‘मॉड्युलर फॉर्म्स, इलिप्टिक कर्व्ह्ज आणि गॅलवा रिप्रेझेंटेशन्स’. सतराव्या शतकातल्या त्या फ्रेंच गणितज्ञाचं, फर्माचं, नाव औषधालासुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी, 23 तारखेला, शेवटी त्याच फर्माचं साडेतीनशे वर्षांचं कोडं सुटल्याचं जाहीर. (पुढे त्यात भोक सापडलं आणि ते बुजवायला वर्षभर लागलं, ते सोडा.) त्या आठवड्यात ‘नावावरून काही विशेष वाटत नाही’ म्हणून केंब्रिजात बाजारहाट करत फिरलेला कुणीतरी असणारच. मला त्या माणसाची भीती वाटते, कारण तो मीच असते. 1900 साली पॅरिसला गणितज्ञांच्या काँग्रेसमध्ये हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने पुढच्या शतकाला पुरतील असे प्रश्न मांडले, तेही मुख्य सभेत नाही. इतिहास आणि अध्यापन या विभागांच्या बैठकीत! तेवीसपैकी दहाच वाचून दाखवले. म्हणजे ‘शिकवण्याबद्दलचं कंटाळवाणं काहीतरी असेल’ म्हणून दुसऱ्या खोलीत गेलेले लोक घरी जाऊन काय सांगत असतील?

तर गुरुवारी पावणेदहाला मी कॉफीच्या टाकीपाशी, हातात फोन, फोनवर सहा खुणा. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ. अंगात जाकीट, डोक्याला माकडटोपी. माझ्या गळ्यातला बिल्ला वाचून म्हणाले,

“आडनावावरून तुम्ही आमच्याच बाजूच्या वाटता.”

“कुठल्या बाजूच्या?”

“ते तुम्ही सांगा.”

चौतीस वर्षं बीएस्सीला शिकवून निवृत्त. इथून जवळच, बेलव्ह्यूला मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. सून म्हणाली, बाबा, घरात कंटाळाल, सिअ‍ॅटलमध्ये गणिताचं काहीतरी आहे, जाऊन या. साडेपाचशे नंबरची बस पकडून आले होते. हे सगळं दोन मिनिटांत, आणि तेवढ्यात ‘तुम्ही’चं ‘तू’ही झालं. त्यांच्या हातात चार घड्या घातलेला एक कागद होता. त्यावर फक्त खोल्यांचे नंबर.

“काका, टॉकची नावं?”

“नावं काय करायचीत? मी खोली बघतो. दार मागच्या बाजूला हवं. पुढे दार असलं की उठताना बोलणाऱ्याच्या अंगावरून जावं लागतं. बरं दिसत नाही.”

“म्हणजे उठायचं हे आधीच ठरलेलं?”

“अगं, लग्नाला गेल्यावर चपला कुठे काढल्या ते लक्षात ठेवतेसच ना? तसंच.”

मग त्यांनी मला तिसऱ्या स्लाइडचा नियम समजावून सांगितला. पहिल्या स्लाइडवर माणसाचं नाव असतं, ते सगळ्यांना कळतं. दुसरीवर व्याख्या, त्या कुणालाच कळत नाहीत, पण आपण मान हलवतो. तिसरीवर आपल्याला कळलं पाहिजे की हा माणूस आज घरून कशाला निघाला. नाही कळलं, की उठायचं. चौथीपासून तो स्वतःशीच बोलतो.

“पण काही विषयांना आधी पाया घालावा लागतो, काका.”

“मग पाया घरी भरून यायचं.”

एव्हाना माझा फोन त्यांच्या हातात गेला होता. “हे नको, ह्याच्या नावात दोन कोलन आहेत. हे ‘टूवर्ड्‌स’ काहीतरी... म्हणजे अजून पोचलेला नाही. पोचला की बोलव म्हणावं. ‘रीसेंट प्रोग्रेस’ म्हणजे झालेली नाही.” माझी आदल्या रात्रीची दोन तासांची मेहनत तो अंगठा भाजी निवडावी तशी निवडत होता. मी हसत होते. हसता हसता घड्याळ बघितलं तर दहा वाजून वीस. सहाही लग्नं लागून गेली होती.

“आणि ही कोण दोन चाळीसला? तूच की! येतो हं.”

इथे मी चुकले. मला आनंद झाला. जेवणाच्या सुट्टीत सँडविच मांडीवर ठेवून मी माझी तिसरी स्लाइड नव्याने केली. विषय ग्राफ कलरिंगचा, म्हणजे रेषांनी जोडलेल्या ठिपक्यांना वेगवेगळे रंग देण्याचा. लेमा (मोठ्या सिद्धतेतली छोटी पायरी) काढून टाकला आणि लग्नातली टेबलं घातली: कोणाचं कोणाशी पटत नाही, तर कमीत कमी किती टेबलं मांडावी लागतील? एका माकडटोपीसाठी मी माझा लेमा काढला, हे इथे लिहिताना अजून लाज वाटते.

आणि तरी ते उठले. खुर्चीचा आवाज करून. दार मागेच होतं.

आता जरा कडू बोलते. माझं कॉलेज विमानाचं अर्धं भाडं देतं, तेही टॉक दिला तरच. नुसतं ऐकायला जाते म्हटलं तर दमडी नाही. असल्या अटी इतरांनाही आहेत. त्यामुळे बोलणाऱ्यांपैकी बरेच जण तिकिटासाठी बोलतात, आणि आपलं झालं की तिकिटासाठी बोलणाऱ्या दुसऱ्याचं ऐकतात. सगळ्यांनी भाजीच आणली तर मंडईत गिऱ्हाईक कोण? दहा मिनिटांसाठी मी दोन विमानं बदलून आले होते, आणि माझ्याकडचं एकुलतं गिऱ्हाईक साडेपाचशे नंबरच्या बसने आलेलं होतं. त्याला कुणाकडून भाडं वसूल करायचं नव्हतं. नीट ऐकायला आलेला बहुधा तो एकटाच, आणि त्यालाच मी धरून ठेवू शकले नाही.

चारला पुन्हा कॉफीची टाकी. “छान झालं हं तुझं.”

“काका, तुम्ही उठून गेलात.”

“हो. शेजारी गेलो, तिथूनही उठलो. मग बाहेर एक बाई विणत बसली होती. म्योबियसची पट्टी, मफलर! अर्धा पीळ देऊन टोकं जोडली, की बाजू एकच. तासभर बसलो तिच्यापाशी. तिला स्लाइडच नव्हत्या.”

“आणि माझी तिसरी?”

“उत्तम! सगळं कळलं. म्हणून तर उठलो. पुढे कळायचं बंद झालं असतं.”

एवढं बोलून त्यांनी तो चार घड्यांचा कागद उलगडला आणि पेन माझ्या हातात दिलं. उद्या सकाळी नऊला कुठे बसू, तूच सांग, तुला इथली माहिती आहे.

मी विचार करून एक नंबर लिहिला. त्या खोलीचं दार पुढच्या बाजूला आहे.