पिंपाला दंड लावण्याआधी

पावसाळा लागला की आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या वासिंद-आसनगावकडच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डेंग्यूचा विषय निघतोच. धुरफवारणी कधी होणार, ग्रामपंचायत काय करतेय, आणि मग कुणीतरी मला उद्देशून लिहितं, "तुमच्या सिंगापूरसारखा दंड ठोकायला हवा, त्याशिवाय लोक सुधारणार नाहीत." मी इथे सिंगापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, डेंग्यूचे नमुने रोज हाताखालून जातात. ग्रुपवर दोन ओळींत उत्तर देऊन भागत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सिंगापुरात दंड आहे, हे खरं. घरात डासाची अळी सापडली तर दोनशे डॉलरपासून सुरुवात होते. पण दंडाच्या कितीतरी आधी इथे डासांची मोजणी होते. इमारतींच्या कॉरिडॉरमध्ये काळे, नळकांड्यासारखे सापळे ठेवलेले असतात. आत थोडं पाणी आणि कडेने चिकट अस्तर. अंडी घालायला आलेली मादी त्याला चिकटते. देशभरात असे सुमारे ७० हजार सापळे आहेत आणि ते नेमाने तपासले जातात. रुग्ण सापडले की वस्तीत लाल किंवा पिवळा फलक लागतो. २०२१ पासून जांभळा फलकही आला. त्याचा अर्थ असा की रुग्ण असोत वा नसोत, इथे एडिस, म्हणजे डेंग्यू पसरवणारे डास जास्त आहेत. मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो हाच, कारण तो कुणी आजारी पडण्याची वाट पाहत नाही. एवढं करूनही २०२० साली इथे ३५ हजारांवर रुग्ण झाले. त्या वर्षी विषाणूचा प्रकार बदलला होता, आणि वर्षानुवर्षं डास कमी राहिल्याने लोकांमध्ये प्रतिकारशक्तीही कमी होती. तेव्हा नुसत्या दंडाने डेंग्यू जातो, हा समज सिंगापुरातसुद्धा टिकत नाही.

आपल्याकडे मोजले जातात ते रुग्ण, आणि तेही चाचणीपर्यंत पोहोचलेले. डेंग्यूची लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना काही जाणवतही नाही. ज्यांना ताप येतो, त्यांतले अनेक जण गावच्या डॉक्टरकडून गोळ्या घेऊन घरी बसतात. आजार होऊन गेल्यावर रक्तात त्याची खूण म्हणून प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) राहतात. त्यांची तपासणी केली की मात्र वेगळं चित्र दिसतं. २०१७-१८ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने (आयसीएमआर) देशातल्या १५ राज्यांत असं सर्वेक्षण केलं. पाच ते पंचेचाळीस वयोगटात शहरी भागात सुमारे ७१ टक्के लोकांना, तर ग्रामीण भागात सुमारे ४२ टक्के लोकांना डेंग्यू कधी ना कधी होऊन गेल्याचं आढळलं. "डेंग्यू हा शहरातला रोग" असं म्हणणाऱ्यांनी त्या ४२ टक्क्यांचा विचार करावा. शिवाय उरलेल्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती नाही. आणि डेंग्यूचे चार प्रकार असल्याने एकदा होऊन गेलेल्याला दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो.

आता दंडाकडे येते. आमच्या शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. मुंबईची तहान या धरणांवर भागते, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. टँकर आला की हंडे, कळश्या, बादल्या, निळी प्लास्टिकची पिंपं, जे मिळेल ते भरलं जातं. पिंपाच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं असतं, पण दिवसातून दहा वेळा तांब्या बुडवायला ते सोडावं लागतं. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, पिंपाच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. ती वाळली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून पिंप रिकामं करून पुरत नाही, आतून काथ्याने खसाखसा घासावं लागतं. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं आरोग्य खातं सांगतं. सल्ला शास्त्राला धरून आहे, कारण अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. पण पुढचा टँकर कधी येईल हे ठाऊक नसलेल्या बाईने पिंपाच्या तळाचं पाणी ओतून द्यायचं कसं? तिला दंड लावणं हा मला सरळ अन्याय वाटतो. धुरफवारणीही तिच्या कामाची नाही. धुराने उडते डास मरतात, पिंपातल्या अळीला काही होत नाही.

ग्रामीण भागातला धोका अभ्यासायचा तर तिथल्या लोकांची ये-जा ध्यानात घेऊन अभ्यासावा लागेल. एडिस दिवसा चावतो. आसनगावहून पहाटेची लोकल पकडून ठाण्याला कामाला जाणाऱ्या पोराला ताप आला, तर डास चावला कुठे? कारखान्यात, स्टेशनजवळच्या टपरीवर की घरी? रुग्णाच्या पत्त्यावरून ते कळत नाही. दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मार्चमध्ये घरोघर फिरणाऱ्या सर्वेक्षणाला त्यांच्या झोपड्या बंदच दिसणार, आणि भट्टीवर त्यांना कुणी त्या गावचं धरणार नाही.

शोधलं तर सापडतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०२१ च्या जुलैमध्ये पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात तापाचे रुग्ण वाढले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने नमुने तपासले. चिकुनगुन्या निघाला, आणि त्यातच राज्यातला पहिला झिका रुग्णही. हे दोन्ही आजारही एडिस डासच पसरवतो. खेड्यातल्या तापाचे नमुने संस्थेपर्यंत गेले, म्हणून ते कळलं. आमच्या शेजारच्या मुरबाड तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर असं काही झालं तर ते तितक्या लवकर कळेल का, ही माझी खरी चिंता आहे.

माझं मागणं मोठं नाही. शहापूर आणि मुरबाडमधली काही गावं-पाडे निवडून त्याच लोकांचं रक्त पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास, असं दोनदा तपासा. त्या हंगामात नवी लागण कुणाला झाली, ते त्यातून कळेल. भट्टीवर गेलेल्यांना भट्टीवर जाऊन गाठा. ग्रामसभेत आधी सगळं समजावून सांगा, आणि प्रत्येकाचा अहवाल त्याच्या हातात द्या. रक्त नेलं आणि पुन्हा कुणी फिरकलं नाही, असं झालं की पुढच्या वेळी लोक दार उघडत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नसते. टँकरच्या फेऱ्यांची नोंद सरकारकडे असते, तापाच्या रुग्णांची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात असते. या दोन नोंदवह्या शेजारी शेजारी ठेवून पाहायला तर रक्ताचा थेंबही लागत नाही, ते काम याच पावसाळ्यात सुरू करता येईल.