आधारगटाविषयी थोडे अधिक
तरुण वयात होणाऱ्या पार्किन्सन्स या मेंदूच्या आजारावरील, मी वाचलेल्या एका लेखात औषधांची माहिती सविस्तर आहे, रुग्ण एकमेकांना साथ देतात त्या आधारगटाला मात्र एकच ओळ मिळाली आहे. ३८व्या वर्षी निदान झाल्यावर मी पुण्यातील अशा एका गटाच्या सभेला गेलो, तेव्हा आजूबाजूला बहुतेक सत्तरीचे लोक होते आणि माझ्या डोक्यात मुलीची शाळा, गृहकर्ज व कचेरीत लपवावा लागणारा थरथरता हात एवढेच होते. तरीही लेव्होडोपा हे या आजाराचे मुख्य औषध आणि प्रथिने आतड्यातून एकाच वाटेने शोषली जात असल्याने डाळ-पनीरच्या जेवणासोबत घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही, हे मला तिथल्याच एका आजोबांनी (डॉक्टरांच्याही आधी) समजावले. आज १२ वर्षांनी, गोळीचा परिणाम ओसरून पाय जमिनीला खिळतात तेव्हा, मी माझ्याच वयाच्या एका रुग्ण ताईंना फोन लावतो आणि पाय सुटेपर्यंत आम्ही बोलत राहतो.