गाडी नसली तरी तार चालूच असते

ठाण्यापासून पनवेलपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: लोकलच्या तारेत करंट गाडी जवळ आली की सोडतात, एरवी तार बंद असते. दाब जेमतेम १५०० व्होल्ट. वरखाली दोन तारा दिसतात त्यातली खालचीच चालू. पायात रबरी चप्पल असेल तर डब्याच्या टपावरही काही होत नाही, पक्षी बसतातच की. ठिणगी दिसली तर तार तुटणार समजा, आणि तुटून पडलेली तार मेलेली असते. खाली सही ‘एक रेल्वे इंजिनिअर’. ठिणगीच्या मुद्द्यात थोडंफार तथ्य आहे. बाकीचं वाचून एखादं पोर मालगाडीवर चढेल, म्हणून हे लिहिणं.

आधी करंटचं. घरातल्या प्लगला काही जोडलेलं नसलं म्हणून त्यात कुणी बोट घालत नाही. तारेचंही तेच. सबस्टेशनातून तिच्यावर रात्रंदिवस दाब ठेवलेला असतो. गाडी आली की पेंटोग्राफमधून, म्हणजे टपावरच्या तारेला टेकणाऱ्या सांगाड्यातून, प्रवाह वाहू लागतो, एवढाच फरक. तो प्रवाह डब्यातल्या ट्रान्सफॉर्मरमधून मोटरींकडे जातो आणि चाकांतून, रुळांतून परत सबस्टेशनकडे येतो. म्हणूनच गाडीने वर एकाच तारेला टेकणं पुरतं. उलट आजच्या लोकल ब्रेक लावताना वीज तयार करून तारेत परत ढकलतात. घणसोलीला थांबायला आलेली गाडी तारेतून घेत नसते, तारेला देत असते. दाब खरोखर काढतात तो दुरुस्तीच्या ब्लॉकच्या वेळी, आणि तेव्हाही कर्मचारी कामाच्या दोन्ही बाजूंना तार जमिनीला जोडल्याशिवाय हात लावत नाहीत. ज्यांचा हा रोजचा धंदा आहे ते बंद केलेल्या तारेवरही विश्वास ठेवत नाहीत, यातच सगळं आलं.

या गैरसमजाचं मूळ बहुधा डब्यातच असावं. काही ठिकाणी काही दिवे-पंखे क्षणभर जातात आणि गाडी नुसत्या वेगावर पुढे सरकते. वेगवेगळ्या फेजवर चालणारे तारेचे दोन भाग एकमेकांना भिडू नयेत म्हणून मध्ये तारेचा छोटा तुकडा मुद्दाम विजेविना ठेवलेला असतो. तेवढाच. त्यावरून अख्खी लाइन बंद-चालू होते असं ठरवणं म्हणजे कमाल आहे.

१५०० व्होल्टची गोष्ट एके काळी खरी होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवरच, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. पण पश्चिम रेल्वेने २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाने २०१५ मध्ये आणि हार्बरने एप्रिल २०१६ मध्ये डीसीला रामराम ठोकला. आता सगळीकडे २५,००० व्होल्ट एसी, म्हणजे घरात येते तशी दिशा बदलत वाहणारी वीज. दाब सोळा-सतरा पट वाढवला की तेवढ्याच कामाला प्रवाह तितक्याच पटीने कमी लागतो, त्यामुळे तारा बारीक चालतात आणि सबस्टेशनंही कमी लागतात. गंमत अशी की बारीक तार बघून माणसाला ती कमी धोक्याची वाटते.

‘वरची तार नुसती आधाराची’ हे अर्धसत्य आहे. आधार ती देतेच, खालची तार तिला लहान तारांनी टांगलेली असते. पण दोन्ही तारा, मधल्या टांगत्या तारा आणि खांबाकडे जाणारा आडवा पाइपसुद्धा इन्सुलेटरपर्यंत २५,००० व्होल्टवरच असतो. चालू-बंदची हद्द तो इन्सुलेटर, म्हणजे वीज अडवणारा तो तुकडा.

आता पक्षी. चिमणी तारेवर बसते तेव्हा तिचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात, तिच्यातून प्रवाह जाणार कुठे? वॅगनवर उभा असलेला माणूस मात्र लोखंडातून, चाकांतून रुळांशी जोडलेला असतो. त्याने वर केलेला हात तार आणि जमीन यांच्यातला दुवा ठरतो. स्पर्शाचीही गरज नाही. हात नुसता जवळ गेला तरी वीज हवेतून उडी घेते. म्हणून तारेपासून दोन मीटर लांब राहण्याचा रेल्वेचा नियम आहे. रबरी चप्पल या दाबापुढे काहीच नाही. तुर्भे, कळंबोलीकडे उभ्या मालगाड्यांवर सेल्फीसाठी चढणाऱ्यांना हे कुणीतरी घरी सांगायला हवं. आणि पक्षीही नेहमी सुटत नाहीत. तारेचे तुकडे गोळा करून खांबावर घरटं बांधणारा कावळा इन्सुलेटरच्या दोन्ही बाजू जोडून टाकतो आणि सगळ्यांचा लेटमार्क लावतो.

ठिणगीबद्दल. पेंटोग्राफवरची कार्बनची पट्टी साधारण सात किलोच्या जोराने तारेला खालून घासत जाते. धक्क्याने क्षणभर संपर्क सुटला की त्या फटीत ठिणगी पडते. पट्टीला एकाच जागी खाच पडू नये म्हणून तार सरळ रुळावरही मध्यापासून सुमारे २० सेंटीमीटर डावी-उजवीकडे नागमोडी ओढलेली असते. तार उन्हाळ्यात सैल पडू नये म्हणून ठरावीक खांबांवर वजनांच्या चळती टांगलेल्या असतात. एवढं करूनही एखाददुसरी ठिणगी नेहमीचीच. एकाच जागी प्रत्येक गाडीला मोठा जाळ दिसत असेल, तर मात्र ते दुखणं आहे.

शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक. तार तुटून पडली की सबस्टेशनातला ब्रेकर, म्हणजे वीज आपोआप तोडणारा स्विच, बहुतेक वेळा लगेच उडतो, पण दोष क्षणिक होता का हे पाहण्यासाठी तो पुन्हा लावूनही बघतात. कोरड्या खडीवर पडलेल्या तारेतून पुरेसा प्रवाह गेला नाही तर ब्रेकर उडतही नाही. तेव्हा लोंबकळणारी किंवा पडलेली तार दिसली तर तिच्यापासून लांब राहायचं, इतरांना जाऊ द्यायचं नाही आणि स्टेशनमास्तरला किंवा १३९ वर कळवायचं.