कॉर्टिसोल प्रतिकारशक्ती वाढवतं की घटवतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

आपला आक्षेप असा, की स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दबते असं मी लिहितो आणि पुढच्याच परिच्छेदात कॉर्टिसोलमुळे (हे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड) टी-पेशींवरचे, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवरचे, काही रिसेप्टर (ठरावीक रेणू पकडणारी प्रथिनं) वाढतात असंही म्हणतो. ‘दोन्ही कसं खरं असेल? एक काय ते ठरवा.’

दोन्ही खरं आहे, आणि दोन्हीवर मी ठाम आहे.

कॉर्टिसोल पेशीत शिरून आपल्या रिसेप्टरला चिकटतं. ही जोडी केंद्रकात जाऊन काही जनुकं चालू करते, काही दाबते. चालू होणाऱ्यांत आयएल-७ च्या रिसेप्टरचं जनुक आहे, आणि आयएल-७ हा तर टी-पेशींना जगवणारा रेणू. सीएक्ससीआर-४ हा रिसेप्टरही वाढतो. तो पेशींना लसिका ग्रंथी, प्लीहा, अस्थिमज्जा अशा ठिकाणी ओढतो. म्हणून सकाळी कॉर्टिसोल चढलेलं असताना रक्तात टी-पेशी कमी सापडतात, रात्री जास्त. सकाळी त्या मेलेल्या नसतात, रक्त सोडून मुक्कामाला गेलेल्या असतात. क्योटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांत हेच दाखवलं. उंदीर निशाचर, त्यामुळे तिथे वेळ उलटी.

आणि रिसेप्टर वाढला म्हणजे ताकद वाढली, हे समीकरण तरी कुठे टिकतं? आयएल-७ मिळालं की टी-पेशी त्याचाच रिसेप्टर कमी करते. पंगतीत जेवण झालेल्यानं उठून पुढच्याला पान मोकळं करावं, तसं. आयएल-७ मोजकंच असतं, ते उपाशी पेशींना उरतं. उलट आयएल-२ (टी-पेशींची संख्या वाढवणारा रेणू) मिळालं की त्याच्या रिसेप्टरचा एक भाग वाढतो.

औषधाचा मोठा डोस ही वेगळी गोष्ट. तिथे दाह पेटवणारी जनुकं दबणं वरचढ ठरतं. २०२० च्या ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या औषध-चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना मात्र फायदा झाला नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे (‘काळ्या बुरशी’चे) रुग्ण वाढले, त्यात अनियंत्रित मधुमेहाबरोबर स्टेरॉइडचा बेसुमार वापर हेही कारण होतं. त्यामुळे ‘वाढतं की घटतं’ याआधी विचारायचं ते डोस किती, कधी आणि कुठल्या पेशीवर.

आपण शेवटी विचारलंय, आईची संधिवातावरची प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी बंद करावी का. कृपा करून मनानं करू नका. बरेच दिवस ही गोळी घेतली की मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतात आणि पूर्ववत व्हायला त्यांना वेळ लागतो. अचानक थांबवलं तर रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो. डोस उतरवायचा तो डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्यानं.