एअर फिल्टर हवा मारून ‘नव्यासारखा’ होत नाही, आणि घरी बदलायला घाबरायचं कारण नाही

सध्या प्रत्येक ग्रुपवर तो एकच मेसेज फिरतोय, बाईकवाल्यांच्या ग्रुपवर पण आणि नातेवाईकांच्या पण. त्यात थोडक्यात असं म्हटलंय की एअर फिल्टर बदलायला लावणं हा कंपन्यांचा पैसे काढायचा धंदा आहे, कॉम्प्रेसरची हवा मारा नाहीतर पेट्रोलने धुवा, नव्यासारखा होतो, काढूनच टाकला तर पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही वाढतं, आणि घरी स्वतः फिल्टरचा बॉक्स उघडू नका, सेन्सर बिघडतो, वॉरंटी जाते. हे वाचून जी पोरं पहिल्यांदाच घरी फिल्टर बदलायला निघाली होती ती मागं हटतायत आणि टायरवाल्याकडून हवा मारून घेतायत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी ‘धंदा’ बघू. साध्या 100-125 सीसी गाडीचा फिल्टर दीडशे ते चारशे रुपयांत मिळतो आणि कंपनी तो महिन्या-दोन महिन्याला बदला असं सांगत नाही, बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये साधारण 10 ते 18 हजार किलोमीटरच्या दरम्यानचा आकडा असतो, धुळीत चालत असेल तर त्याआधी. आता इंजिनच्या बाजूने हिशोब करा. पेट्रोल नीट जळायला त्याच्या वजनाच्या साधारण 14.7 पट हवा लागते, लिटरभर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे एका लिटरला जवळपास 11 किलो हवा, आणि 11 किलो हवा म्हणजे सुमारे 9 हजार लिटर! दहा लिटरची टाकी संपेपर्यंत 90 हजार लिटर हवा त्या वीतभर फिल्टरमधून गेलेली असते, आणि ती हवा कुठली तर ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरमागची, मुरूम टाकलेल्या रस्त्याची, कोकणातल्या लाल मातीची.

त्या धुळीत वाळूचे जे बारीक कण असतात ते क्वार्ट्झचे, कडकपणाच्या मोहस मापावर 7, सिलिंडरच्या बिडापेक्षा कडक. डोळ्याला न दिसणारे 5 ते 20 मायक्रॉनचे कण सगळ्यात वाईट, कारण ते पिस्टन रिंग आणि सिलिंडरच्या भिंतीमधल्या ऑइलच्या थरात शिरतात आणि आतून पॉलिश पेपर फिरवल्यासारखं काम करतात. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरतं, गाडी ऑइल खायला लागते, सायलेन्सरमधून निळा धूर येतो. आणि आजकालच्या बऱ्याच गाड्यांना आतून कडक कोटिंग केलेला अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक असतो, तो पूर्वीसारखा बोअर करून वापरता येत नाही, ब्लॉक-पिस्टनचं अख्खं किटच घ्यावं लागतं. ते हजारांत जातं, फिल्टर शेकड्यात येतो. यात ग्राहकाचे पैसे कोण काढतंय ते सांगा.

आता हवा मारण्याबद्दल. यात मेसेज लिहिणाऱ्याने सगळे फिल्टर एकाच मापाने मोजलेत, खरं तर गाडीत कुठल्या प्रकारचा फिल्टर आहे यावर सगळं अवलंबून आहे. एक असतो कोरडा कागदी फिल्टर. तो हलका आपटून किंवा कमी प्रेशरची हवा आतल्या, म्हणजे इंजिनकडच्या बाजूने बाहेर मारून साफ करता येतो, काही मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलंही असतं, पण तो मधल्या काळातला उपाय आहे, बदलण्याऐवजीचा नाही. दुसरा, हल्ली खूप गाड्यांत येतो तो, ऑइल लावलेला कागदी फिल्टर. हातात घेतला की किंचित चिकट लागतो. त्या चिकटपणामुळेच तो धूळ धरून ठेवतो, त्याला हवा मारायची नाही, ब्रश लावायचा नाही, धुवायचा नाही, मुदत झाली की सरळ बदलायचा. तिसरा फोमचा, तो मात्र धुवायचाच असतो.

टायरवाला काय करतो? त्याच्याकडे कागदी फिल्टर दिला की तो नोझल अगदी जवळ धरून फुल प्रेशर मारतो, बहुतेक वेळा बाहेरच्या मळक्या बाजूनेच कारण धूळ तिथं दिसते. धूळ आत ढकलली जाते, घड्या पसरतात, कागद बारीक फाटतो, कडेचा गोंद सुटतो. आणि फिल्टर तर दिसायला पांढराशुभ्र. कोरड्या फिल्टरच्या आत मोबाईलचा टॉर्च धरून अंधारात बघा, टाचणीएवढं भोक असेल तरी उजेडाचा ठिपका दिसतो. तेवढ्या भोकातून धूळ थेट इंजिनमध्ये. उलट ऑइलवाला फिल्टर काही हजार किलोमीटरमध्ये काळा दिसायला लागतो आणि तरी त्याचं काम चालू असतं. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका, किलोमीटर बघा.

पेट्रोलने धुवायचं तर नावच काढू नका. कागदी फिल्टरची कड आणि गोंद पेट्रोलने मऊ पडतो, एकदा कड वाकली की बॉक्समध्ये सील बसत नाही आणि हवा फिल्टरला वळसा घालून जाते. फोम पेट्रोलमध्ये फुगतो, पुढं भुगा व्हायला लागतो आणि तोच भुगा इंजिन ओढतं. शिवाय घरात, बाथरूममध्ये पेट्रोलची बादली भरून ठेवायची म्हणजे, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या गिझरच्या ज्योतीलाही पेट घेऊ शकते, एवढ्यासाठी तरी असले मेसेज पुढं पाठवू नका. फोमचा फिल्टर साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, पिळायचा नाही तर तळहातात दाबायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा, मग मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ऑइलमध्ये भिजवून जास्तीचं दाबून काढायचं. हे शेवटचं बरेच जण करत नाहीत, आणि कोरडा फोम बारीक धूळ नीट अडवत नाही.

पिकअप आणि अ‍ॅव्हरेजच्या मुद्द्यावर लोक सगळ्यात जास्त फसतात. फिल्टर काढला की गाडीचा आवाज बदलतो, कारण फिल्टरचा बॉक्स हवा ओढायचा आवाजही दाबत असतो, आणि मोठा आवाज आला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं. प्रत्यक्षात कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकं, त्या बॉक्ससकटच जुळवलेले असतात, फिल्टर काढला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, गाडी तापते, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येतो, खालच्या आरपीएमला गाडी अडखळते. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम, लागू झाले तेव्हापासूनच्या जवळपास सगळ्या नव्या बाईक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, त्यात सेन्सर पेट्रोल थोडंफार जुळवून घेतो, पण धूळ अडवायचं काम कुठलाही सेन्सर करत नाही. आमच्या गल्लीत एका मुलाने ऊस हंगामभर फिल्टर काढून गाडी चालवली, सुरुवातीला खूप खूश होता, मग दर थोड्या दिवसांनी डिपस्टिकवर ऑइल खाली दिसायला लागलं आणि गाडी उघडली तर सिलिंडरवर उभे ओरखडे, नखाला लागतील असे.

उलट बाजूचाही एक गैरसमज आहे तो फिल्टर बदला म्हणणाऱ्या आपल्याच लोकांनी पसरवलाय, की नवा फिल्टर टाकला की अ‍ॅव्हरेज एकदम वाढतं. जुन्या कार्बोरेटर गाडीत फिल्टर चोक झाला की मिश्रण जाड होतं, म्हणजे पेट्रोल जास्त पडतं, प्लग काळा पडतो, तिथं थोडा फरक पडतो. इंजेक्शनच्या गाडीत फारसा नाही. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये चारचाकींवर मुद्दाम फिल्टर चोक करून चाचण्या केल्या तेव्हा इंजेक्शनच्या गाड्यांच्या अ‍ॅव्हरेजमध्ये खास फरक आला नाही, पिकअप मात्र उतरला. म्हणून ‘अ‍ॅव्हरेज वाढलं नाही म्हणजे फिल्टरचे पैसे वाया गेले’ असं म्हणू नका, फिल्टर इंजिन वाचवायला असतो.

राहिलं घरी उघडण्याचं. यात अवघड असं काही नाही, फक्त घाई नको. आधी मॅन्युअलमध्ये बॉक्स कुठल्या बाजूला आहे ते बघा, काहींत साइड पॅनलमागे, काहींत सीट किंवा टाकीखाली. साइड पॅनल रबरी बुशमध्ये बसवलेलं असतं, ते वाकवून नाही तर सरळ बाहेर ओढायचं, नाहीतर प्लास्टिकचा खुंटा तुटतो. स्क्रूच्या खाचेत नीट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्या, सगळे स्क्रू एका वाटीत ठेवा, आणि जुना फिल्टर काढायच्या आधी एक फोटो काढा, कुठली बाजू वर होती ते नंतर आठवत नाही. इंजिनकडे जाणाऱ्या पाइपच्या तोंडात स्वच्छ फडकं ठेवून मगच बॉक्स आतून किंचित ओल्या कापडाने पुसा, आणि ते फडकं आठवणीने काढा. फिल्टर नसताना गाडी चालू करायची नाही, एकदासुद्धा नाही. काही गाड्यांत बॉक्सवरच हवेच्या तापमानाचा सेन्सर असतो, त्याची वायर ओढली नाही की झालं, हवेचे बाकीचे सेन्सर बहुतेक पुढं थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागावर असतात, त्यांना आपला हातही लागत नाही.

आणि बॉक्स उघडायचा खरा फायदा म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं. गावाकडे धान्याच्या खोलीशेजारी उभ्या असलेल्या एका गाडीचा बॉक्स उघडला तर आत उंदराने ज्वारी साठवलेली, सीटचा फोम ओढून घर केलेलं आणि फिल्टरची एक कड कुरतडून अंगठा जाईल एवढी वाट केलेली. ती गाडी रोज चालत होती आणि बाहेरून काहीच कळत नव्हतं. बॉक्सच्या खाली बूच लावलेली छोटी पारदर्शक नळी असते, तिच्यात पाणी किंवा काळं ऑइल साठलेलं दिसलं तर तेही काढून टाका, पावसाळ्यात तर नक्कीच. नवा फिल्टर बसवताना त्याची रबरी कड चारी बाजूंनी खाचेत बसली का ते बोट फिरवून बघा, स्क्रू आधी सगळे हाताने लावून मग थोडे थोडे आवळा, प्लास्टिकचे आटे लगेच जातात.

वॉरंटीबद्दल एवढंच की नव्या गाडीच्या फ्री सर्व्हिसेस वेळेवर अधिकृत ठिकाणी करून घ्या आणि तोपर्यंत फिल्टरही तिथंच बदला, म्हणजे पुढं वादाला जागाच राहत नाही. फिल्टरची तपासणी बऱ्याच कंपन्यांनी मॅन्युअलमध्ये मालकाने करायच्या कामांतच दिलेली असते, त्यामुळे मध्ये बॉक्स उघडून बघायला काही हरकत नाही. वॉरंटी संपलेल्या गाडीचा फिल्टर मात्र बिल घेऊन ओळखीच्या दुकानातून आणा, पार्ट नंबर जुन्यावरचा जुळवून बघा आणि बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने किलोमीटर लिहून ठेवा.