साडेसहा तासांची अमेरिका

न्यूयॉर्कला मुलीकडे राहून आलेल्या माणसाला पुण्यात पहिला प्रश्न 'नात कशी आहे?' असा विचारतील, ही माझी समजूत भाबडी ठरली. सर्वांना हवे होते ते 'किती तास लागतात?' याचे उत्तर. इतरांना मी 'सोळा' म्हणून वाटेला लावले. परंतु हिशेबतपासनीस म्हणून निवृत्त झालेल्या माझ्या मामांना तोंडी उत्तर चालत नाही, त्यांना कागद लागतो.

मी निमूटपणे तिकीट पुढे केले. त्यावर मुंबईहून रात्री दीडला प्रस्थान आणि त्याच तारखेला सकाळी आठला आगमन असे छापले होते.

"साडेसहा तास," असे म्हणत मामांनी त्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले. "एसटीला कोल्हापूर गाठायला जवळजवळ एवढेच लागायचे."

उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असते, हे मी सांगेपर्यंत त्यांनी परतीचे पान उलटलेही होते: सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी अकराला मुंबई.

"जाताना साडेसहा आणि येताना साडेतेवीस? मधले सतरा तास गेले कुठे?" हा प्रश्न त्यांनी अशा सुरात विचारला की, अपहार मीच केला असावा असे मला क्षणभर वाटले.

घड्याळांची वजाबाकी-बेरीज करून जाण्याचे सोळा आणि येण्याचे चौदा तास निघाले, तरी दोन तासांची तफावत उरलीच. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, ते जाताना आडवे येतात आणि येताना पाठीवर घेतात, असे मी समजावले. "मग परतीचे भाडे कमी का नाही?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे, हे ऐकताच त्यांनी नकाशाच्या पुस्तकावर पट्टी ठेवून अरबस्तानावरून अटलांटिकपर्यंत सरळ रेघ ओढली. विमान मात्र उत्तरेकडे चढत गेले होते. मधल्या आसनावर दोन्ही बाजूंच्या कोपरांमध्ये अंग चोरून बसलेल्या मला समोरच्या पडद्यावरील नकाशाखेरीज दुसरी करमणूक नव्हती, आणि त्यावरचे पांढरे विमान एक डुलकी काढून पाहिले तरी नखभरही सरकलेले नसे, त्यामुळे या मार्गाविषयी मी अधिकारवाणीने बोलू शकतो. शेवटी मामींकडून एक मोसंबे मागून घेतले, त्यावर शाईने दोन ठिपके दिले आणि दोरा ताणून धरला. दोरा आपसूक देठाच्या बाजूला सरकला.

मामा बराच वेळ मोसंबे फिरवत राहिले. "पृथ्वी फिरतेच आहे, तर विमान वर नुसते थांबवून ठेवायचे!" वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते, हे बाजूला ठेवून मी हिशेब केला: रेखांशांतील फरक सुमारे 147 अंश, तासाला 15 अंश, म्हणजे दहा तासांच्या आतच काम होईल, फक्त अक्षांश मुंबईचेच राहिल्याने उतरावे लागेल हैतीजवळच्या समुद्रात.

"ते राहू दे. पुण्याहून विमानतळावर किती वाजता पोचलास?"

अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर. पण घाटात कंटेनर आडवा झाला होता. दुपारी चारला निघालो होतो आणि विमानतळाच्या दारात उतरलो तेव्हा साडेदहा वाजले होते.

मामांनी बोटांवर मोजले आणि तिकिटावरील आपल्या वर्तुळाकडे समाधानाने पाहिले. "साडेसहा. मी काय म्हणत होतो?"