डीएनए कापल्याशिवाय प्रतिकारशक्ती घडतच नाही

द्राक्षांचा हंगाम आला की नाशिकच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतो: ‘डीएनए तुटला की प्रतिकारशक्ती ढासळते. द्राक्षबियांचा अर्क तो तुटूच देत नाही.’ गंगापूर रोड असो की सिडको, मजकूर तोच.

उन्हानं, तंबाखूनं होणारी डीएनएची मोडतोड वाईटच, त्यात वाद नाही. पण जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे अस्थिमज्जेत बी पेशी आणि छातीतल्या थायमस ग्रंथीत टी पेशी, घडताना शरीर आपणहून डीएनए कापतं. बागायतदारांच्या गावात छाटणीचं महत्त्व मी काय सांगावं! रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिनं ठरावीक खुणांपाशी दोन्ही धागे तोडतात. मधला तुकडा गळतो, उरलेले सांधले जातात आणि त्या पेशीचं स्वतःचं वेगळं जनुक तयार होतं. प्रथिनं बनवणारी आपली जनुकं जेमतेम २० हजार, तरी जंतूंना ओळखून पकडणाऱ्या प्रतिपिंडांचे प्रकार कोट्यवधी, ते यामुळेच. जनुकांचे तुकडे असे जागा बदलतात हे सुसुमु टोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवलं; १९८७ चं नोबेल त्यासाठीच.

‘दुरुस्ती म्हणजे होतं तसं करणं’ हाही गैरसमजच. कु प्रथिनं तुटकी टोकं धरून ठेवतात, आर्टेमिस हे प्रथिन वळून बंद झालेली टोकं उघडतं, टीडीटी हे आणखी एक प्रथिन त्यांच्या मधोमध डीएनएची वाटेल ती अक्षरं घुसवतं, मग लायगेज-४ सांधा पक्का करतं. यातले बरेच सांधे वाया जातात. क्वचित भलत्याच जागी जोड बसून लिम्फोमा हा याच पेशींचा कर्करोगही होतो. फॉरवर्डमधली भीती तेवढ्यापुरती खरी.

आर्टेमिसचं जनुक जन्मतःच बिघडलेलं असलं तर? बाळ जन्मतं तेव्हा धडधाकट दिसतं. काही महिन्यांत तोंडातली बुरशी हटत नाही, जुलाब थांबत नाहीत, न्यूमोनिया होतो. छातीच्या एक्स-रेत थायमसची सावली नसते. रक्तात टी आणि बी पेशी जवळपास नाहीतच, नैसर्गिक मारक पेशी मात्र असतात, कारण त्यांना ही कापाकापी लागत नाही. याहून ठळक पुरावा कोणता हवा?

अर्काचं म्हणाल तर तो हे बिघडलेलं जनुक सुधारत नाही. अशा बाळाला सहसा अस्थिमज्जा प्रत्यारोपणच लागतं. बीसीजी या क्षयाच्या लशीतले जिवंत जंतूही त्याला धोक्याचे. म्हणून घरात आधी एखादं बाळ अशा संसर्गांनी दगावलं असेल, तर पुढच्या बाळाच्या बीसीजीआधीच डॉक्टरांना सांगा. बाकीच्यांनी ती वेळेवर द्यावी.